शेततळ्यात तिलापिया सोडावा का?

प्रश्न (वाळवा तालुक्यातील शेतकरी): उसाच्या कडेला शेततळं आहे. सांडवा ओढ्यात जातो, ओढा पुढे कृष्णेला मिळतो. व्यापारी तिलापिया माशाची बोटुकली (छोटी पिल्लं) देतो म्हणतोय, शेजारी म्हणतात थाय मागूर घ्या. काय सोडू? तळं माझं, त्यात नदीचा काय संबंध?

उत्तर: संबंध तुमच्या सांडव्यातच आहे. पण आधी मागूरचं बघू. थाय मागूर म्हणजे आफ्रिकन मागूर, आणि त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो हवेतही श्वास घेतो, पावसाळी रात्री ओल्या बांधावरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि पुढ्यात येईल ते खातो. फुकट मिळाला तरी नको.

तिलापियाचं दुखणं वेगळं. परका मासा पाहताना मी पहिल्यांदा विचारतो: हा इथल्या पाण्यात आपोआप वाढेल का? तिलापिया वाढतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती वाचतात. काही महिन्यांत तीच पिल्लं प्रजननाला येतात. तळ्यात गर्दी होते, मासा बोटभरच राहतो, भाव मिळत नाही. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये देशात आणला, तो आज कित्येक धरणांत ठाण मांडून बसलाय. व्यापारी ‘सगळे नरच’ म्हणेल, पण सगळ्या बियाण्यात एकही मादी नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

कुणी म्हणेल, रोहू-कटला तरी कुठे कृष्णेचे? खरंय, गंगेच्या खोऱ्यातून माणसानेच आणलेत. पण साठलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून तळ्यातला आकडा तुमच्या हातात राहतो.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. सांडव्याला बारीक जाळी लावाच, पण महापुरात तिचा उपयोग नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओढ्याकाठची शिवारं नदीतच होती म्हणा. एकदा निसटलेला मासा परत गोळा करता येत नाही, आणि आपल्या नदीतल्या माशांच्या खाण्यात तो वाटेकरी होतो.

म्हणून रोहू, कटला, मृगळ सोडा. तिलापियाच करायचा असेल तर आधी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्या, बीजही त्यांच्याच मान्यतेच्या केंद्रातून घ्या, आणि तळं पूररेषेबाहेर असेल तरच. तळं उपसताना उरलेली पिल्लं ओढ्यात सोडू नका, उन्हात वाळू द्या.