शिळाछाप, ताम्रपट की कोरीव चित्र?

प्रश्न असा आहे : उत्तर अमेरिकेतल्या किनारपक्ष्यांच्या जुन्या छापील चित्रांना मराठीत सरसकट 'शिळाछाप' म्हटलेले आढळते, ते बरोबर आहे का? नसेल, तर एनग्रेव्हिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राला, 'ताम्रपट' म्हणावे का?

सरसकट शिळाछाप म्हणू नये. जुन्या पोथ्यांमुळे हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. पण त्या पद्धतीत गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. दगड कोरत नाहीत. केट्सबी, विल्सन आणि ऑड्युबन या तिथल्या पक्ष्यांच्या जुन्या चित्रकारांचे मूळ ग्रंथ तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले आहेत. पत्र्यावरच्या खाचांत शाई भरायची, वरवरची पुसून काढायची आणि ओलसर कागद त्यावर दाबायचा. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा ठसा उठतो तो यामुळेच. आता ताम्रपट. तो शब्द ऐकला की मराठी माणसाला राजाचे दानपत्रच आठवणार. मला 'ताम्रछाप' पटतो. शिळाछापशेजारी ठेवला की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

'कोरीव' मात्र जपून वापरावा. मार्क केट्सबीने कॅरोलायना, फ्लॉरिडा आणि बहामा बेटांच्या निसर्गावर दोन खंड काढले (१७३१ आणि १७४३). नामांकित कारागीर परवडेनात, म्हणून तो स्वतःच हे काम शिकला. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि उघडे पडलेले तांबे आम्लाला खाऊ द्यायचे. हे अम्लरेखन, हाताचे कोरकाम नव्हे. त्याच्या टर्नस्टोनची, म्हणजे दगड उलथणाऱ्या पक्ष्याची, हकिकत तर चटका लावते. १७२२ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात हा पक्षी त्याच्या जहाजावर आला आणि पकडला गेला. पिंजऱ्यात दगड ठेवले, तर तो ते भराभर उलथू लागला. खाली नेहमीचे खाद्य काही मिळेना, आणि तो मेला. तोच पक्षी पुढे पत्र्यावर उतरला.

अलेक्झांडर विल्सनच्या फिलाडेल्फियातल्या पक्षिग्रंथाचे (१८०८–१४) बहुतेक पत्रे अलेक्झांडर लॉसनने कोरले. तिथे 'कोरीव' चालेल. ऑड्युबनची ४३५ चित्रे (१८२७–३८) मुख्यतः लंडनच्या रॉबर्ट हॅव्हेल धाकट्याने पत्र्यावर उतरवली. त्यांत कोरकाम, अम्लरेखन आणि पाणी-आकाशाच्या छटा आम्लानेच उठवणारे अ‍ॅक्वाटिंट असे तिन्ही एकत्र आहे, तेव्हा नुसते ताम्रछाप म्हणणे उत्तम. रंग या सगळ्यांचे हाताने भरलेले, त्यामुळे 'रंगीत छपाई' हेही टाळावे.

एक मेख आहे. ऑड्युबनच्याच ग्रंथाची छोट्या आकाराची आवृत्ती १८४० ते १८४४ दरम्यान निघाली, ती खरोखरच शिळाछाप. लांब चोचीच्या कुरल पक्ष्यांच्या जोडीमागे चार्ल्सटन शहर दिसते ते हॅव्हेलचे चित्र ताम्रछाप. छोट्या आवृत्तीतला कुरल शिळाछाप. तेव्हा शब्द निवडण्याआधी चित्र कोणत्या आवृत्तीतले ते पाहा, आणि चित्राखाली, उदाहरणार्थ, 'हाताने रंगवलेले ताम्रछाप, हॅव्हेल, लंडन' असे पूर्ण लिहा.