पेपर अ‍ॅक्सेप्ट झालाय, हायब्रिड जर्नल ओपन अ‍ॅक्सेससाठी तीन हजार डॉलर मागतंय, गाईडही भरा म्हणतात. भरू का?

नका भरू. तुम्ही लिहिलंय जर्नल हायब्रिड आहे, म्हणजे सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडला तर पेपर ही फी न देता छापून येणारच, हे पैसे फक्त तो जगाला फुकट वाचता यावा, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस व्हावा म्हणून. प्रकाशक मेल असा गोलमाल लिहितात की माणसाला वाटतं भरले नाहीत तर पेपर अडकेल.

धंदा अफलातून आहे हो. लिहिणार तुम्ही, तपासणार दुसरे प्राध्यापक तेही फुकटात, लायब्ररी वर्गणी भरणार, आणि हायब्रिडमध्ये वर लेखकाकडूनही वसुली! नेचरने तर २०२१ पासून एका पेपरला ९५०० युरो लावले. आपल्या सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शनला, म्हणजे देशभरासाठी एकत्र भरायच्या जर्नल-वर्गणीला, तीन वर्षांसाठी ६००० कोटी मंजूर केलेत, त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३००० जर्नल्स सरकारी संस्थांना वाचता येतात, खाजगी कॉलेजवाले सध्या बाहेरच.

लेखकाकडून घेतल्याशिवाय ओपन अ‍ॅक्सेस परवडत नाही, असं गाईड म्हणतात ना? मुंबईच्या मेडनो या प्रकाशन कंपनीने केईएमच्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनसारखी जर्नल्स लेखकाकडून फी न घेता नेटवर फुकट ठेवली, छापील अंकाची वर्गणी चालूच. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी प्रकाशकाने ती कंपनीच घेतली, आता तोट्यातलं दुकान कोण विकत घेतं?

तुमच्यापुरतं सांगायचं तर रिव्ह्यूनंतर दुरुस्त केलेली तुमची शेवटची वर्ड फाइल, म्हणजे अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट, ती बहुतेक प्रकाशक रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या किंवा विषयाच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाकू देतात, काही लगेच, बरेचसे १२ महिन्यांनी, ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) जर्नलचं नाव टाकून बघा. डीबीटी-डीएसटीचं, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी किंवा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं फंडिंग असेल तर २०१४ च्या पॉलिसीप्रमाणे ती टाकणं अपेक्षितच आहे. प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ मात्र टाकू नका, कॉपीराइट ट्रान्सफरवर सही केली की ती त्यांची.

आणि गाईड हटूनच बसले, प्रोजेक्टमधून पैसे मिळालेच, तर लायसन्स सीसी बाय घ्या, म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही पेपर वापरू शकतो. एनसी-एनडी (कमर्शियल वापर नाही, बदल करून टाकणं नाही) सेफ वाटतं खरं, पण एनडीमुळे उद्या कुणाला मराठी भाषांतर करून टाकायचं असेल तरी परवानगी लागणार, आणि एनसी घेतलं की बऱ्याच करारांत कमर्शियल हक्क गुपचूप प्रकाशकाकडे जातात, म्हणजे तीन हजार डॉलर तुमचे आणि औषध कंपनीला रिप्रिंट विकून कमावणार ते. सही करण्याआधी करारात 'एक्स्क्लुझिव्ह लायसन्स' (हक्क फक्त प्रकाशकालाच) शब्द कुठे आहे तेवढा शोधा, आणि सापडला तर ते कलम इथे टाका, बघून सांगतो.