पाटीवरची दोन अक्षरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीविषयी आहेत: सीएचा लोगो, ‘सीए’ ही अक्षरं आणि इन्स्टिट्यूटचं (सीएंची संस्था, ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’) नाव कोणी, कुठे, कसं वापरायचं. सोलापुरात ३८ वर्षं प्रॅक्टिस केली, तेव्हा हा विषय मला जवळचा आहे. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : गेल्या महिन्यात प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट हातात आलं. बार्शीत पहिल्या मजल्यावर गाळा घेतला आहे. मेहुण्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यानेच पाटीचं डिझाइन केलं. काळ्या पाटीवर सोनेरी सीए लोगो, वर गरुडाचं चिन्ह, माझं नाव, ‘चार्टर्ड अकाउंटंट व टॅक्स कन्सल्टंट’, खाली जीएसटी, ऑडिट, कर्जप्रकरण अशी यादी आणि मागून एलईडी. घरच्यांना फार आवडलं. एक सीनियर मात्र म्हणाले, ‘हे असं लावू नकोस.’ नेमकं काय चुकलं? — एक नवा सीए, बार्शी

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन. पाटी छापायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत. सीनियरचं म्हणणं खरं आहे.

सगळ्यात आधी गरुड काढा. ते चिन्ह इन्स्टिट्यूटचं आहे, सभासदाचं नाही. १९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा श्री अरविंदांनी ते दिलं. मधे गरुड आणि कठोपनिषदातले शब्द: ‘य एष सुप्तेषु जागर्ति’, सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएकडच्या उमेदवारीच्या, पहिल्याच आठवड्यात माझ्या सरांनी हे शब्द मला पाठ करायला लावले होते. ते इन्स्टिट्यूटच्या कागदावर शोभतात. तुमच्या पाटीवर गरुड दिसला, की बघणाऱ्याला वाटतं, हे इन्स्टिट्यूटचंच एखादं कार्यालय असावं. तसा समज होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठीच सभासदांना ते चिन्ह वापरायची मोकळीक नाही.

सभासदांसाठी आहे तो सीए लोगो. तो लावा, जरूर लावा, पण इन्स्टिट्यूटने दिला आहे तसाच. निळी अक्षरं आणि त्यांच्याजवळची ती टिक. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गांधीनगरच्या परिषदेत ‘सीए इंडिया’ हा नवा लोगो आला, त्यातली टिक तिरंगी झाली. जुन्या लोगोत ती हिरवी होती, आणि त्या हिरव्याशी माझं वेगळं नातं आहे. आम्ही पोरं सूतगिरणीच्या ऑडिटला जायचो, तेव्हा हातात हिरव्या शाईचं पेन असायचं. व्हाउचर उचलायचं, तारीख बघायची, रक्कम बघायची, पैसे घेणाऱ्याची सही बघायची, मग कॅशबुकात त्या ओळीसमोर टिक. एकदा कंटाळून मी पानभर टिका मारत गेलो. सरांनी त्या पानावरची तीन व्हाउचर मागितली. त्यातलं एक फाइलमध्ये नव्हतंच. सर ओरडले नाहीत. ‘ही टिक म्हणजे तू तो कागद पाहिलास असा शब्द आहे,’ एवढंच म्हणाले, आणि महिनाभराचं कॅशबुक पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला लावलं. लोगोतली टिक ती आहे. म्हणून पाटीच्या रंगसंगतीसाठी ती सोनेरी करायची नाही.

मेहुण्याला इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरची मूळ फाइलच द्या. हवा तेवढा लहान-मोठा कर, पण ताणू नको, तिरपा करू नको, रंग बदलू नको, त्याच्या चौकटीत नाव घालू नको, असं स्पष्ट सांगा. काळी पाटीच हवी असेल तर लोगोमागची पांढरी जागा तशीच राहू द्या. लोगोतली अक्षरं देवनागरी करायचा मोह काही जणांना होतो, तेही नको. तुमचं नाव आणि ‘चार्टर्ड अकाउंटंट’ हे शब्द मात्र मराठीत ठसठशीत लिहा. बार्शीत पाटी मराठीतच वाचली जाते.

‘टॅक्स कन्सल्टंट’ पुसा. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएने स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवायचं, त्याला दुसरी बिरुदं जोडायची नाहीत, हे कायद्याच्या कलम ७ मध्येच आहे. खालची कामांची यादी ही जाहिरात ठरते, तीही काढा. पाटीचा आकार इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेने आपल्या तारतम्यावर आणि अभिरुचीवर सोडला आहे. नाव वाचता यावं एवढा उजेड चालतो, दुकानांसारखी झगमगती पाटी चालत नाही. वकिलांना तर याहून कडक नियम आहे. बार काउन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे आपण कुठल्या संघटनेचे सभासद किंवा अध्यक्ष आहोत, हेही त्यांना पाटीवर लिहिता येत नाही.

एलईडीचे पैसे वाचतील, त्यात एक चांगलं कपाट घ्या. पहिल्या वर्षी फायली वाटतात त्याहून लवकर वाढतात.

प्रश्न : माझे वडील सीए होते. एकट्याचीच फर्म होती. फाल्गुनात ते गेले. धाकटा भाऊ बी.कॉम. आहे, सीए इंटरच्या पुढे जाऊ शकला नाही. बाबांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केल्यामुळे सगळी रिटर्न त्याला येतात. ऑफिस तोच चालवतो. दारावर बाबांची पाटी आणि लोगो तसाच आहे. क्लायंट म्हणतात, पाटी काढू नका. एकदोनदा त्याने बाबांच्या लेटरहेडवर पत्रही दिलं. मला रात्री झोप लागत नाही. — एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जे तुम्हाला खटकतंय ते खरोखरच खटकायला हवं, पण मार्ग आहे आणि तो अवघड नाही.

भावाचं काम चुकीचं नाही. हिशेब लिहायला, रिटर्न भरून द्यायला सीए असावंच लागतं असं नाही. गावोगावी कितीतरी प्रामाणिक माणसं हे काम करून घर चालवतात. चुकीची आहे ती पाटी. फर्म चालू आहे आणि आत सीए बसलेला आहे, असं ती रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सभासद नसताना तसं भासवणं हा चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड, पुन्हा सापडल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे. लेटरहेडचा प्रकार त्याहून गंभीर आहे, तो आजच थांबवा.

भावाला जवळ बसवून ही कामं या आठवड्यात करा. पाटी उतरवा. बाबांचे रबरी शिक्के आणि उरलेली लेटरहेड कपाटात ठेवू नका, नष्टच करा. त्यांची डिजिटल सही कुठल्याही कारणासाठी वापरली जाता कामा नये, ‘फक्त एक फॉर्म राहिलाय’ म्हणूनही नाही. इन्स्टिट्यूटला मृत्यूच्या दाखल्यासह कळवा. ज्यांची ऑडिट बाबांकडे होती, त्या क्लायंटना पत्र पाठवून त्यांचे मूळ कागद पोचपावती घेऊन परत द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या हिताची आहे, आणि बऱ्याच घरांना ती वेळ टळल्यावर कळते. एकट्याची फर्म असलेला सीए गेला, तर वारसांना फर्मचं गुडविल, म्हणजे तिचं नाव आणि जमलेले क्लायंट, मोबदला घेऊन दुसऱ्या पात्र सीएला देता येतं. पण मृत्यूपासून एक वर्षाच्या आत व्यवहार पुरा करून इन्स्टिट्यूटची परवानगी मागावी लागते. म्हणजे तुमच्या हातात पुढच्या फाल्गुनापर्यंतचाच वेळ आहे. सांगलीला इन्स्टिट्यूटची शाखा आहे, तिथे जाऊन बोला. एखाद्या तरुण सीएला तयार क्लायंट मिळतील, आईच्या हातात काही रक्कम येईल, आणि भावाला त्याच ऑफिसात नोकरीही मिळू शकेल. नसेल करायची, तर त्याने स्वतःच्या नावाची पाटी लावावी: ‘अकाउंटिंग व रिटर्नची कामं’. जुन्या फर्मचं नाव नाही, लोगो नाही. नऊ वर्षं ज्यांची कामं त्याने केली, ते त्याच्या नावावर येतील.

उतरवलेली पाटी भंगारात देऊ नका. घरात बाबांच्या फोटोखाली लावायला कोणाचीच हरकत नाही.

प्रश्न : माझं आडतीचं दुकान आहे. कर्जासाठी उलाढालीचं सर्टिफिकेट एकाकडून घेतलं. त्याच्या पाटीवर सीएचा लोगो आहे, कागदावर शिक्का आहे. शेजारी म्हणतो, तो सीए नाहीच. खात्री कशी करायची? — एक व्यापारी, लातूर

उत्तर : लोगो आणि शिक्क्यावरून खात्री होत नाही. माझ्यावरच बेतलेला प्रसंग सांगतो. एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांचा फोन आला, ‘सर, तुमच्या नेटवर्थ सर्टिफिकेटमध्ये बेरीज चुकली आहे.’ ते सर्टिफिकेट ज्याचं होतं, त्या माणसाचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. शाखेत जाऊन कागद पाहिला. माझं नाव, माझा शिक्का. शिक्क्यावरच्या मेंबरशिप नंबरात मात्र दोन आकडे उलटसुलट झाले होते. सही माझ्या सहीसारखी काढायचा प्रयत्नही नव्हता. मी तिथेच लेखी दिलं की हा कागद माझा नाही. पण तो दुसऱ्या किती ठिकाणी चालून गेला असेल, या विचाराने पुढचे कित्येक दिवस गेले.

आता यावर चांगली सोय आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. तो १८ अक्षर-अंकांचा असतो: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या मेंबरशिप नंबरचे, उरलेली दहा अक्षरं-आकडे यंत्राने दिलेले. इन्स्टिट्यूटच्या यूडीआयएन पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. तुमच्या कागदावर तो नसेल, किंवा पोर्टलवर सापडत नसेल, तर ते सर्टिफिकेट बँकेत देऊ नका. दिलं असेल तर परत मागून घ्या. मेंबरशिप नंबरावरून सभासदाचं नावही संकेतस्थळावर शोधता येतं. नाव निघालं नाही, तर कागदाची प्रत आणि पाटीचा फोटो जोडून इन्स्टिट्यूटकडे तक्रार करा. शेजाऱ्याच्या शब्दावर मात्र कोणाला खोटं ठरवू नका, आधी नंबर तपासा.

प्रश्न : मुलगी सीए झाली, मार्गशीर्षात लग्न आहे. पत्रिकेत नावाआधी ‘सीए’ आणि कोपऱ्यात लोगो घातला तर चालेल का? — एक पालक, पंढरपूर

उत्तर : नावाआधी ‘सीए’ खुशाल घाला. सभासद प्रॅक्टिस करत असो वा नोकरी, ती अक्षरं त्याला लावता येतात. फक्त तिचं नाव सभासद म्हणून नोंदलं गेलंय ना, ते तिला विचारा. परीक्षा पास होणं आणि सभासद होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, निकालानंतर रीतसर अर्ज करावा लागतो. पत्रिका नातेवाईक, मित्रमंडळी आणि क्लायंट यांनाच जावी, एवढी अट आचारसंहितेत आहे. लोगो मी घालणार नाही, तो कामाच्या कागदांसाठी आहे. छपाई कार्तिकात असेल, तर सभासदत्वाचा अर्ज आत्ताच करायला सांगा.