आठ हजार युनिट आणि चाळीस मायक्रोग्रॅम : निपाणीच्या वाचकास उत्तर

आपले सविस्तर पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मिळाले. आपल्या मातोश्री डायलिसिसवर आहेत. बेळगावात उपचार चालू असताना रक्तक्षयासाठी त्यांना एरिथ्रोपोएटिनचे ४००० युनिटचे इंजेक्शन आठवड्यातून दोनदा मिळत असे. जूनमध्ये कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात नेल्यावर त्याऐवजी डार्बेपोएटिन ४० मायक्रोग्रॅम आठवड्यातून एकदा सुरू झाले आणि ऑगस्टअखेर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आठ हजारांच्या जागी चाळीसच दिल्याने हे घडले, असे आपले म्हणणे असून तक्रार कोठे करावी, हे आपण विचारले आहे.

प्रथम आकड्यांविषयी, कारण या पायावर उभी केलेली तक्रार पहिल्याच युक्तिवादात कोसळेल. युनिट आणि मायक्रोग्रॅम ही दोन वेगळी मापे आहेत. रूढ हिशेबाने एरिथ्रोपोएटिनचे सुमारे २०० युनिट म्हणजे डार्बेपोएटिनचा १ मायक्रोग्रॅम. आठवड्याच्या ८००० युनिटांना २०० ने भागले की ४० च येतात. दुसरे औषध शरीरात अधिक काळ टिकते, म्हणून ते आठवड्यातून एकदा दिले जाते. हा हिशेब ढोबळ असला, तरी औषध बदलताना डोस घटविला असे त्यावरून म्हणता येत नाही.

मात्र आपल्याच रिपोर्टांत याच्या नेमकी उलट गोष्ट दिसते, आणि ती मला गंभीर वाटते. हिमोग्लोबिन जूनमध्ये ९.२ होते, जुलैच्या मध्यास ११.९ आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात १३.४ झाले; बिले पाहता त्यानंतरही तेच इंजेक्शन त्याच मात्रेत दोनदा दिलेले आहे. या औषधांच्या माहितीपत्रकानुसार दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन एकाहून अधिक वाढल्यास मात्रा सुमारे चतुर्थांशाने कमी करावयाची असते, आणि २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते हेतुतः १३ च्या वर नेऊ नये असे सांगितले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डार्बेपोएटिनने १३ चे लक्ष्य ठेवलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. पण ते रुग्ण मधुमेही आणि डायलिसिसवर नसलेले होते, आणि समोरचे वकील हा फरक निश्चित दाखवतील. म्हणून तक्रारीचा मुद्दा एकच ठेवावा: वाढते हिमोग्लोबिन दिसत असताना मात्रा का थांबविली नाही, आणि त्या काळात रक्तदाबाची नोंद होती का?

आपण पैसे भरून उपचार घेतले असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालानुसार हा ग्राहक वाद ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागता येते. रुग्णालय महाराष्ट्रात असले तरी आपल्याला कोल्हापूरला खेटे घालावे लागणार नाहीत, बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. सीमेवर राहणाऱ्यांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. आईंच्या आजाराची आपण मराठीत ठेवलेली टिपणवही महत्त्वाची आहे. तिचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडावे.

पोलिसांत जाण्याची घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. दिवाणी बाजूसही, मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला इंजेक्शनमुळे बहिरेपणा आल्याच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई रद्द केली होती. तज्ज्ञांचे मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नाही, असे २०१० मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले असले, तरी आपल्या प्रकरणात हिमोग्लोबिन आणि झटका यांचा संबंध दाखविण्यासाठी स्वतंत्र नेफ्रॉलॉजिस्टचे (मूत्रपिंडतज्ज्ञाचे) लेखी मत घ्यावेच.

या आठवड्यातच रुग्णालयाकडे संपूर्ण नोंदींसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. डायलिसिसच्या प्रत्येक दिवसाचा तक्ता, इंजेक्शनचा बॅच क्रमांक आणि लोहाच्या इंजेक्शनांच्या तारखा त्यात स्पष्टपणे मागा. हे कागद हाती आल्यावर नोटिशीचा मसुदा करता येईल.