वाचकांचे प्रश्न : ड्युटीवर असताना प्रार्थना कधी करायची?

प्रश्न : मी पुण्यात एका हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा फिरत्या ड्युट्या, घरी दोन मुलं आणि सासूबाई. लग्नाआधी रोज पहाटे उठून शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायचे, आता नाइट करून आले की बायबल उघडल्या उघडल्या डोळे मिटतात. रविवारची उपासनासुद्धा ड्युटी असली की बुडते. मंडळीतल्या एक जणी म्हणाल्या, तुझा विश्वास थंड पडलाय. ते फार लागलंय मनाला. मी खरंच देवापासून लांब गेले का?

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. नाही गेलात. लांब गेलेल्या माणसाला असं रात्रंदिवस खुपत नाही हो, आणि ज्या बाई तसं बोलल्या त्यांनी एकदा नाइट ड्युटी करून बघावी एवढंच मी म्हणेन.

पण तुमचा प्रश्न मोठा आहे, कारण आपल्यात विश्वास म्हणजे पहाटेचा तो एक तास आणि रविवारची उपासना असंच धरून बसलेत सगळे, आणि मग ज्यांना तो तास मिळत नाही, नर्सेस, ड्रायव्हर, वॉचमन, लेकुरवाळ्या बायका, त्यांना वाटतं आपण कुठेतरी कमी पडलो. बायबलमधला नहेम्या आठवा. शूशनच्या राजवाड्यात राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा प्यालेबरदार, म्हणजे नोकरीच की ती, आणि नोकरीपण अशी की चेहरा पडलेला दिसला तरी जिवाची भीती. राजा विचारतो, तुला काय पाहिजे? तर शास्त्रात लिहिलंय की त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं (नहेम्या 2:4-5). म्हणजे प्रश्न आणि उत्तर याच्यामध्ये जेवढा वेळ असतो तेवढ्यात! गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत, ड्युटीवर उभ्या उभ्या प्रार्थना झाली आणि देवाने ऐकली.

आता दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्या एका क्षणाच्या प्रार्थनेच्या आधी पहिला अध्याय आहे. किसलेव महिन्यात यरुशलेमचा कोट पडल्याची बातमी आली तेव्हापासून तो उपास करून, रडून प्रार्थना करत होता, आणि राजाशी बोलणं झालं ते नीसान महिन्यात, मध्ये चारेक महिने गेले. त्यामुळे ती छोटी प्रार्थना तोंडात सहज आली. म्हणून ताई, वेळ काढून बसणं एकदम सोडू नका, फक्त तो वेळ पहाटेचाच पाहिजे हा हट्ट सोडा. नाइट करून आल्यावर झोपाच, सरळ झोपा. उठल्यावर, मुलं शाळेतून यायच्या आत जी थोडी शांतता मिळते त्यात एक स्तोत्र वाचा, पुरे आहे. वीकली ऑफ ज्या वारी असेल त्या दिवशी जरा जास्त बसा.

आणि वॉर्डात? एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना तुम्ही हाताला सॅनिटायझर चोळता, त्याला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढ्यात पुढच्या बेडवरच्या माणसाचं नाव घेऊन ‘प्रभू, ह्यांना सांभाळ’ एवढं मनात म्हणा. औषधाचा डोस काढताना मात्र लक्ष डोसवरच ठेवा, तिथे दुसरं काही नको. प्रेषित पौल कलस्सै शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, आणि हे वाक्य तो त्यांच्यातल्या ज्यांना लिहितोय ते दास होते, दुसऱ्याच्या घरात राबणारे, त्यांना स्वतःचा असा तास कुठून मिळणार होता? आपल्या पंडिता रमाबाई बघा ना, केडगावला मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात शेकडो मुली-बायकांचं जेवणखाण, आजारपणं, शेती, छापखाना असा सगळा पसारा सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं त्यांनी. 1922 ला त्या गेल्या, पुस्तक पूर्ण छापून आलं 1924 ला. कामं संपल्यावर देवाकडे बसू म्हणाल्या असत्या तर सुरुवातसुद्धा झाली नसती.

प्रश्न : माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं बिल नको, रेट कमी करा. नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातं. धंद्यात विश्वास आणायचा म्हणजे धंदाच बंद करायचा का?

उत्तर : दादा, धंदा बंद करायचा नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते, त्यांनी हेच विचारलं, आम्ही काय करावं? तो असं नाही म्हणाला की नाका सोडा आणि माझ्याबरोबर रानात या, तो म्हणाला की ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका (लूक 3:13). म्हणजे नाक्यावर बसूनच देवाचं ऐकायचं होतं त्यांना, आणि त्यात त्यांची वरकमाई जाणार होती हे योहानाला माहीत नव्हतं का? तुमचीपण थोडी जाईल, मी खोटं आश्वासन देणार नाही. काही गिऱ्हाईकं तुटतील. पण बिल फाडायचंच असं एकदा ठरवलं की रोज काउंटरवर नवीन भांडण राहत नाही मनाशी. रेट जमेल तेवढा मार्जिनमधून कमी करा, टॅक्समधून नको. उधारीवाल्याशी आणि दुकानातल्या पोऱ्याशी कसं बोलता तेही यातच येतं, त्याचा पगार वेळेवर देता ना? माझ्या मते बिलाच्या आधी तो बघा, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मजुरीबद्दल फार कडक बोलतो.

प्रश्न : रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला आमचा नववीतला मुलगा बसत नाही, बसला तर मोबाइल. मिस्टर रागावतात, मग प्रार्थना राहते बाजूला आणि भांडण होतं.

उत्तर : ताई, प्रार्थना किती वेळ चालते? अर्धा तास चालत असेल तर दहा मिनिटांवर आणा. मोबाइल सगळ्यांचेच दुसऱ्या खोलीत, बाबांचासुद्धा. अनुवाद 6 मध्ये वचनं घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलायला सांगितलीत, त्यामुळे सगळं रात्री नऊलाच उरकायची गरज नाही, क्लासला सोडायला जाताना गाडीवरपण बोलता येतं. वाचन त्यालाच करू द्या, पहिल्या दिवशी स्तोत्र 117 द्या, दोनच ओव्या आहेत. आणि मिस्टरांना सांगा, प्रार्थनेत त्याला टोमणे मारायचे नाहीत, ‘प्रभू, ह्याला सुबुद्धी दे’ वगैरे. त्याऐवजी आधी त्यालाच विचारायचं, आज तुझ्यासाठी काय मागू? तो काहीच नाही म्हणाला तर ठीक आहे, उद्या परत विचारा.