सहा वर्षांचा मुलगा छोट्या क्वाड बाईकवर अवघडून बसतो, हात दुखतात म्हणून लगेच उतरतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत मुलासाठी ५० सीसीची क्वाड (चार चाकांची छोटी बाईक) घेतली, तो ती शेतावरच चालवतो, पण खांदे वर चढवून बसतो आणि पाच-सात मिनिटांत हात दुखतात म्हणून उतरतो. सीटवर जाड स्पंजची गादी टाकली तर फरक पडेल का, असं विचारलंय. गादीचं शेवटी बघू. आधी त्याचा उजवा अंगठा बघा.

आमचं शेत दिंडोरीकडे आहे. माझी मुलगी सहा पूर्ण झाल्यावर चालवायला लागली, आता नऊ वर्षांची आहे. पहिल्या आठवड्यात तिचीही हीच तक्रार होती. एक दिवस गाडी बंदच ठेवली, तिला वर बसवलं, मी शेजारी उकिडवी बसले आणि म्हटलं, "आता चालवतेस तशी चालव." तेव्हा दिसलं. ॲक्सिलेटरच्या पट्टीपर्यंत अंगठा पोचवायला ती अख्खा तळवा मुठीवरून आत सरकवत होती. तळवा सरकला की ब्रेकच्या लिव्हरवर बोटं पोचेनात. मग ब्रेकसाठी तळवा परत बाहेर. हा सगळा खटाटोप ती खांद्यातून करत होती, म्हणून खांदे वर.

क्वाडला स्कूटरसारखी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने पट्टी दाबून धरायची असते. त्या पट्टीला स्प्रिंग असते. कपडे वाळत घालायचा चिमटा अंगठ्याने पाच मिनिटं सतत दाबून धरून बघा, म्हणजे सहा वर्षांच्या हाताचं काय होत असेल ते कळेल. आणि यात एक मोठा धोका आहे. मूल घाबरलं की मूठ घट्ट आवळतं. मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो, म्हणजे थांबायच्या वेळीच गाडी जोरात पळते. आमची पोर अशीच कडब्याच्या गंजीत शिरली होती. गंजी मऊ होती म्हणून काही लागलं नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दिरांनी पहिलं काम केलं ते ॲक्सिलेटरच्या स्क्रूचं. लहान मुलांच्या बहुतेक क्वाडना अंगठ्याच्या पट्टीच्या डबीवर एक बारीक स्क्रू आणि तो जागेवर घट्ट धरून ठेवणारा चेकनट असतो. चेकनट ढिला करून स्क्रू आत फिरवला की पट्टी तेवढीच कमी दाबली जाते आणि वेग बांधला जातो. फार आत घेतला तर क्लच धरत नाही, गाडी जागेवरच गुरगुरत राहते. मग अर्धा आटा सोडायचा आणि चेकनट पुन्हा कसायचा. माझं माप साधं आहे: गाडी पूर्ण रेसमध्ये असताना मला तिच्या शेजारून झपझप चालत राहता आलं पाहिजे. स्क्रू बसवल्यावर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून प्रत्येक वेळी पट्टी सोडल्यावर टचकन मागे येते का ते बघा. केबल कुठे अडकत असेल तर तिथेच कळतं. वेग बांधल्यावर आणखी एक फायदा होतो, आपण शांत राहतो. आपण "हळू, हळू" असं ओरडत पळालो की मूल आणखी आखडतं.

मग हँडल. हँडल धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून ते थोडं अंगाकडे फिरवता येतं. ब्रेकच्या लिव्हरचा कोनही बदलतो. काही लिव्हरना मुठीपासूनचं अंतर कमी करायचा छोटा स्क्रू असतो. तो नसेल तर गॅरेजवाल्याला दाखवा, पण जुगाड करून लिव्हर वाकवू नका. मुलाने मूठ धरून बोटं सरळ केली की मधल्या बोटाचं शेवटचं पेर लिव्हरच्या पलीकडे गेलं पाहिजे. नाही गेलं तर त्याला ब्रेक लागतोय असं धरून चालू नका. एक चूक मी खूप घरी बघते: हाताला लागू नये म्हणून मुठीवर स्पंजचं जाड कव्हर चढवतात. मूठ जाड झाली की छोटा हात आणखी आखूड पडतो. पातळ, मऊ रबराची मूठच बरी. हातमोजेही मुलाच्या मापाचेच हवेत. मोठ्या माणसाच्या हातमोज्याचं रिकामं बोट ब्रेकवर दुमडतं.

पायांचं माप घ्यायला त्याला पायठ्यांवर, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्यांवर, उभं करा. सीट आणि त्याच्या मांड्यांच्या सांध्यात साधारण ३ ते ६ इंच फट दिसली पाहिजे. त्याहून कमी असेल तर गाडी मोठी आहे, खड्ड्यात सीटच त्याला खालून मारेल. बसल्यावर मांड्या जवळपास आडव्या, कोपरं किंचित वाकलेली, आणि हँडल पूर्ण वळवलं तरी बाहेरचा हात ताणला जाऊन अंग ओढलं जायला नको. पायाने दाबायचा ब्रेक असेल तर टाच पायठ्यावरच ठेवून चवडा तिथे पोचला पाहिजे. यातलं काही जमत नसेल तर उपाय एकच, वर्षभर थांबायचं. मूल वाढतंच, गाडी काही कुठे जात नाही.

आता वळणाचं, कारण हात दुखायचं दुसरं कारण तिथे आहे. मुलांच्या क्वाडला मागच्या दोन्ही चाकांत सहसा एकच सलग ॲक्सल असतो. बैलगाडीची चाकं आसावर आपापली फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. इथे दोन्ही एकत्रच फिरतात, म्हणून गाडी सरळच जाऊ बघते आणि हँडल जड लागतं. मूल मग हँडलशी कुस्ती खेळतं. त्याला हाताने नाही, अंगाने वळायला शिकवा. थोडं पुढे सरकायचं, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला झुकायचं, आणि जिथे जायचं तिकडे बघायचं. मी मुलीला एवढंच सांगायचे, "नाक आतल्या मुठीकडे." ते तिला पटकन कळलं. आधी गाडी बंद ठेवून, मी मागून ढकलत, ती झुकत, असे दोन दिवस काढले. या मापाच्या चांगल्या गाड्या १०० किलोच्या आसपास असतात आणि आपलं पोर २० किलोचं. ते झुकलं तर थोडा तरी फरक पडतो. मोठ्यांच्या क्वाडवर तेवढाही पडत नाही. म्हणून नागाव-काशिदच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या क्वाडवर मुलाला पुढ्यात बसवून त्याच्या हाती हँडल देणं मला अजिबात मान्य नाही.

टायरची हवा आवर्जून तपासा. पंक्चरवाल्याकडे नेली की तो सवयीने स्कूटरएवढी भरून देतो. आमच्या टायरला ४ पीएसआय लागते. दुकानातून भरून आणली तेव्हा गाडी चेंडूसारखी उडत होती आणि पोरीच्या मनगटांना मुंग्या येत होत्या. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असेल. कमी दाब मोजणारा वेगळा गेज घ्या, नेहमीच्या गेजवर एवढा छोटा आकडा नीट दिसत नाही.

हेल्मेट पूर्ण तोंडाचं, आयएसआय मार्कचं आणि मुलाच्याच मापाचं हवं. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट हाताने हलवलं तर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. पुढे सुटेल म्हणून एक माप मोठं घेऊ नका. जड हेल्मेटने मान दुखते आणि मुलं ते हातांचं दुखणं म्हणून सांगतात, त्यांना नेमकं दाखवता येत नाही. आम्ही पहिले काही दिवस ते घरातच, कार्टून बघताना अर्धा तास घालायला लावलं. सवय झाली. पायात घोटा झाकणारे बूट घालून लेस आत खोचायच्या. चप्पल कधीच नाही. आणि पाय खाली टेकवायचा नाही, हे रोज सांगायचं. सायकल शिकलेलं मूल तोल गेला की सवयीने पाय टेकवतं, आणि क्वाडला पायाच्या मागेच मागचं चाक असतं.

जागा मुरमाची, सपाट, मोकळी असावी. खळं उत्तम. बांधाच्या कडेने नाही, उतारावर नाही, ओल्या नांगरटीत नाही. शेतात फेरी मारून आधी तीन गोष्टी बघा: बिनकठड्याची विहीर, शेततळं आणि काटेरी तार. तार मुलाच्या गळ्याच्या उंचीवर असते आणि उन्हात ती दिसत नाही. या तिन्हींपासून लांब, चार विटा ठेवून चौकोन आखा आणि गाडी त्याच्या बाहेर जाऊ देऊ नका. गाडीच्या मागे दोरीचा किल स्विच असेल तर ती दोरी पहिल्या महिन्यात तुमच्या हातात हवी. तुम्ही मागून चालत राहायचं, ओढली की इंजिन बंद. एका वेळी पंधरा मिनिटं पुरे. मध्ये उतरवून पाणी पाजा, बोटं उघडझाप करायला सांगा. आणि गाडी एकाच मुलाची आहे, मागे चुलत भाऊ नको.

घरापर्यंत पाणंदीने चालवत नेण्याचा मोह होईल. नेऊ नका. रस्त्यावर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून न्या.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, सोळा वर्षांखालच्या मुलांनी असल्या गाड्या चालवूच नयेत असं सांगते. तिथल्या उत्पादकांच्या मानकात सर्वांत लहान गाडीसाठीही वय किमान ६ धरलंय, आणि वेग बांधलेला असताना ताशी सुमारे १६ किलोमीटरच्या वर जाऊ नये असं आहे. आम्ही हे वाचूनही चालवू दिली, पण मी किंवा तिचे बाबा शेजारी असल्याशिवाय किल्ली कधीच तिच्या हाती दिली नाही. तुमचा मुलगा मुळात घाबरत असेल, तर महिनाभर गाडी झाकून ठेवली तरी काही बिघडत नाही. माझ्या पोरीने मध्ये दोन महिने हात लावला नव्हता, मग एका रविवारी आपणहून हेल्मेट घेऊन आली.

राहिली गादी. जाड स्पंज टाकू नका. त्याने मुलगा दोन इंच वर उचलला जातो, पाय पायठ्यांवरून सुटतात आणि हँडल लांब पडतं, म्हणजे हातांवरचा ताण वाढतोच. वरचं सगळं केल्यावरही बूड दुखतं म्हणाला, तर खड्डा आला की गुडघे वाकवून पायठ्यांवर किंचित उठायला शिकवा. तरीही दुखलंच, तर सीटवाल्याकडून आतला फोमच बदलून घ्या, उंची तीच ठेवून.