सडा आणि देवराई मोजायला निघण्याआधी

अगं, सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) आणि देवराई यांतलं तापमान, मातीचा ओलावा आणि उजेड मोजून तुलना करायचा तुझा आराखडा वाचला. सड्यावर सकाळी आठला आणि देवराईत दुपारी एकला तापमान घेणार म्हणतेस. मग फरक जागेचा की वेळेचा, हे कसं सांगणार? दोघी जा, घड्याळं जुळवा, एकाच वेळी वाचन घ्या. एकटीच असशील तर आज सडा आधी, उद्या देवराई आधी, असा क्रम बदलत जा.

थर्मामीटर उन्हात धरू नकोस, तो हवेऐवजी स्वतःच्या तापलेल्या काचेचंच तापमान सांगतो. आणि निघण्याआधी सगळे थर्मामीटर एकाच बादलीत बुडवून बघ. माझ्या पहिल्या वर्षी दोघांत दीड अंशाचा फरक होता, आणि मी तो ‘झाडांचा गारवा’ म्हणून मिरवला होता!

ओलाव्यासाठी मातीत खुपसायच्या स्वस्तातल्या काट्याच्या मीटरवर विसंबू नकोस. सड्याच्या जांभ्यावर माती जेमतेम बोटभर, काटा सरळ दगडाला लागतो. नमुना पिशवीत घट्ट बंद कर, त्याच दिवशी वजन कर, मग ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळव. घटलेलं वजन भागिले सुक्या मातीचं वजन, गुणिले 100.

उजेडाचं एकच वाचन नको. देवराईतले कवडसे हलतात. वीतभर सरकलीस की आकडा कितीतरी पट बदलतो. मोजणीसाठी आखलेल्या प्रत्येक चौकटीत दहा ठिकाणी मोज, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढ. चौकटींच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरव, पायांवर सोडू नकोस. पाय नेहमी पायवाटेकडेच नेतात.

नोंदींना पेन्सिलच ने. पावसात शाई वाहते.